रात्री दहा वीसचा फीडर

माझ्या भावाकडे दोन ॲम्प आहेत.
एक इंग्लिश, पुण्यातल्या कुणाच्या तरी घटस्फोटात स्वस्तात सुटलेला.
दुसरा अमेरिकन. त्याचे हप्ते अजून माझ्या पगारातून जातात.
ओगलेवाडीत, पत्र्याच्या खोलीत, शेजारी शेजारी,
न बोलणाऱ्या जावांसारखे.

गेन दोन्हींचा पूर्ण. बटण उजवीकडे अडतं तिथवर.
"हा इंग्लिश," प्रणील म्हणतो,
आणि सगळ्यात जाड तार एकदाच मारतो.
दाढेखाली ऊस फुटतो तसं:
आधी साल, मग रस,
मग चोथा, दातात बराच वेळ.
"आता हा."
अमेरिकनला चोथा नाही.
तो येतो भरलेल्या ट्रॉलीसारखा, कृष्णेच्या पुलावरून,
पायाला आधी कळतो, कानाला नंतर.
तारेवर तळहात ठेवला की जागीच थांबतो. शिस्तीचा.
मला तो आवडतो. हप्ते भरते म्हणूनही असेल.

इलाहीभाई मुल्ला महिन्यातून एकदा बायस बघायला येतात.
त्यांचे वडील इथंच कंदिलाच्या काचा फुंकायचे.
ते व्हॉल्व्ह काढून फडक्यानं पुसतात, खिडकीकडे धरतात
आणि बोलतात काचेबद्दल. आवाजाबद्दल एकदाच बोलले:
"इंग्लिश लवकर शरण जातो.
अमेरिकन शेवटपर्यंत हुज्जत घालतो."
आणि चहात खारी बुडवली.

मी यंत्रचालक. तेहतीस-अकरा केव्ही उपकेंद्र, आठवड्याआड रात्रपाळी.
दहा वीसला शेतीचा फीडर चालू करायचा,
नोंदवहीत वेळ लिहायची, सही.
स्विच फिरवला की अंधारात कुठं कुठं
तीन-चारशे मोटारी एकदम पाणी ओढू लागतात
आणि गावातले दिवे पिवळे पडतात.
दोनशे अठ्ठावीस. दोनशे बारा. एकशे अठ्ठ्याण्णव.
दहा पंचवीसला फोन सुरू.
टीव्ही गेला. फ्रीज नुसता घरघरतोय.
पंख्याची पाती मोजता येतात, मॅडम, बाळ झोपंना.
आणि त्यातच एक, दोन वर्षं, न चुकता:
"ताई, आत्ता! आत्ता ऐक!"

फोनमध्ये इंग्लिश ॲम्प, तीस व्होल्टनं उपाशी.
सूर मारल्याबरोबर जरासा खाली बसतो,
मग उठतो, आणि उठताना
अंगावर काहीतरी ओढून घेतो, पांघरुणासारखं.
अमेरिकनला हे जमत नाही. त्याची हुज्जत फक्त पेंगुळते.
हप्त्यांचा विषय तेव्हा मी काढत नाही.
एका कानात तो सूर,
दुसऱ्या कानाशी दुसरा फोन:
"होय काका. तक्रार लिहून घेतली."

मार्चमध्ये नवा ट्रान्सफॉर्मर आला.
सरपंचबाईंनी हार घातला, नारळ फुटला, माझाही फोटो निघाला.
आता दहा वीसला मी स्विच फिरवते
आणि काटा दोनशे तीसवरून हलत नाही.
पहिल्या रात्री मी तीनदा रिसीव्हर उचलून बघितला,
चालू आहे ना.

प्रणील काही बोलला नाही.
इलाहीभाईंनीच कुठूनसा एक व्हेरिॲक आणला,
तांब्याच्या वेटोळ्यांचा डबा, वर तबकडी.
हवं तेवढं व्होल्टेज उतरवा. सकाळी, दुपारी, कधीही.
काल माझी सुट्टी. रात्री आम्ही तिघं खोलीत.
तबकडी एकशे अठ्ठ्याण्णववर आणून
त्यानं तीच तार मारली.
तोच आवाज. तंतोतंत. मला तरी फरक सांगता आला नसता.

त्यानं गिटार उतरवली, ॲम्प बंद केला.
व्हॉल्व्ह विझायला वेळ घेतात.
"बरोबर आहे गं," म्हणाला,
"पण यात कुणाच्या उसाला पाणी जात नाही."

इलाहीभाई तबकडी मागं फिरवत होते, शून्याकडे,
काच हाताळावी तशी.
घड्याळात दहा वीस.
आम्ही तिघंही छताच्या दिव्याकडे बघत राहिलो.
तो पिवळा पडला नाही.